उपग्रहाला बांध दिसत नाही



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो. पण ज्याच्या सातबाऱ्यावर गुंठाभर तरी जमीन आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावी. ज्याच्या नाही, त्यानं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवावी.

गेल्या वर्षभरात एक वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की आता ते ऐकलं की डोकं फिरतं. "सॅटेलाइटनं मोजलंय भाऊ, आता चुकायचा प्रश्नच नाही." मार्केट यार्डात ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, दशक्रियेला घाटावर ऐकलं, एका लग्नात तर नवरदेवाच्या मामानं जेवता जेवता ऐकवलं. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य पसरवण्यात माझाही हात आहे. राज्यात मोजणीसाठी 'कॉर्स'ची यंत्रणा उभी राहत होती, तेव्हा आलेली प्रेसनोट मी जशीच्या तशी उचलली आणि वर मथळा ठोकला, 'आता मोजणीत चूक अशक्य'. डिप्लोमाला असताना शिकवलं होतं की दावा छापायच्या आधी एक तरी प्रश्न विचारावा. मी नाही विचारला. ही पोस्ट म्हणजे त्या मथळ्याची दुरुस्ती समजा.

आता प्रकरण सांगतो. नावं सांगणार नाही, गावही सांगणार नाही. पिंपळगावपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांच्या आत, एवढं पुरे.

दोन चुलत घरं. एकाच गटाचे दोन हिस्से, मध्ये एकच बांध, लांबी साधारण १८० मीटर. थोरल्या घरची द्राक्षबाग, धाकट्या घरचा कांदा आणि टोमॅटो. दोन्ही घरांचं येणं-जाणं चांगलं. थोरल्या घरच्या आबांनी एक खाजगी मोजणीवाला बोलावून हिस्सा मोजून घेतला. तो रोव्हर घेऊन आला, मोबाइलच्या सिमवरून कॉर्सला जोडला, दोन तासांत काम झालं. खुणा जवळपास जुन्या बांधावरच आल्या. कोणाची तक्रार नाही.

आठ महिन्यांनी धाकट्या घरच्या अण्णांना तारेचं कुंपण घालायचं होतं. तोवर खुणांच्या खुंट्या नांगरटीत गेल्या होत्या. त्यांनी दुसरा मोजणीवाला आणला आणि पहिल्या मोजणीचे आकडे त्याच्या हातात देऊन सांगितलं, याच जागा पुन्हा दाखव. त्यानं दाखवल्या. खुंट्या पडल्या थेट आबांच्या बागेत, बांधापासून १.४ मीटर आत.

१.४ मीटर म्हणजे साडेचार फूट. ऐकायला काही नाही. १८० मीटर लांबीनं गुणा, २५२ चौरस मीटर होतात. म्हणजे अडीच गुंठे. हायवेच्या बाजूला आपल्याकडे गुंठ्याचा भाव काय चाललाय हे मी सांगायला नको. शिवाय त्या साडेचार फुटांत बागेची शेवटची ओळ उभी. अँगल, तारा, ठिबक, सगळं.

अण्णा म्हणाले, आबा, तुम्ही बांध कोरला. आबा म्हणाले, अण्णा, तू मशीनवाला विकत घेतला. दोघांच्या हातात कागद. दोन्ही कागद सॅटेलाइटचे. दोन्हींवर दशांशानंतर तीन आकडे, म्हणजे मिलिमीटरपर्यंतचा हिशोब! पंधरा दिवसांनी एका सकाळी शेवटच्या ओळीतली चाळीसेक झाडं बुडापासून कापलेली दिसली. कोणी कापली, सिद्ध झालं नाही. पोलिसात अदखलपात्र नोंद झाली. दिवाळीत घरं एकमेकांकडे गेली नाहीत.

मी तिथं बातमीसाठी गेलो होतो. 'बांधावरून भावबंदकी' अशी चार ओळींची बातमी. पण आबांनी दोन्ही कागद माझ्यापुढं ठेवले आणि विचारलं, "तुम्ही लिहिलं होतं ना, चूक अशक्य? मग यातला खोटा कोण?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून मी आमच्याच भागातल्या, सिव्हिलचा डिप्लोमा करून मोजणीच्या कामात पडलेल्या एका पोराला गाठलं. त्यानं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि दहा मिनिटांत म्हणाला, "काका, कोणीच खोटं नाही. पण दुसऱ्या मोजणीत विहीर सरकलीय."

झालं होतं असं की, दोन्ही मोजणीवाल्यांनी सवयीनं आबांच्या विहिरीच्या कठड्याचे बिंदूही घेतले होते. दुसऱ्या मोजणीत विहिरीचा कठडा पहिल्यापेक्षा १.४ मीटर बाजूला. विजेचा खांबही तेवढाच बाजूला, त्याच दिशेला. बांध माणूस सरकवू शकतो. विहीर कशी सरकेल? जेव्हा सगळ्याच वस्तू एकाच दिशेला, एकाच मापानं सरकतात, तेव्हा जमीन कोणी चोरलेली नसते. मोजणीचं शून्यच सरकलेलं असतं.

इथं थोडं तांत्रिक सांगतो. घाबरू नका, मीही गणितात काठावर पास झालेला माणूस आहे.

मोबाइलमधलं जीपीएस तुम्हाला तीन-पाच मीटरच्या फरकानं जागा सांगतं. बांधासाठी ते निरुपयोगी. म्हणून मोजणीत दोन यंत्रं लागतात. एक एका जागी स्थिर उभं, त्याला बेस म्हणतात. दुसरं काठीवर घेऊन फिरायचं, तो रोव्हर. दोघं एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात, त्यामुळे दोघांच्या चुका सारख्याच असतात आणि वजाबाकीत उडून जातात. उरतं ते बेसपासून रोव्हरचं अंतर, दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत अचूक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या मदतीनं राज्यात ७७ कॉर्स केंद्रं उभी राहिली, ती याच कामासाठी. चोवीस तास चालू असलेला, पक्की जागा माहीत असलेला बेस म्हणजे कॉर्स. रोव्हर मोबाइलच्या नेटवरून त्याला जोडला की स्वतःचा बेस लावायची गरज नाही.

पण मळ्यात नेट असतंच असं नाही. दुसऱ्या मोजणीच्या दिवशी नव्हतं. मग त्या माणसानं स्वतःचा बेस तिपाईवर लावला. बेसला सांगावं लागतं की तू नेमका कुठं उभा आहेस. खरं तर तो आधी माहीत असलेल्या पक्क्या बिंदूवर लावायला हवा. यंत्रात एक सोपा रस्ताही असतो. बटण दाबायचं, बेस स्वतःच उपग्रहांकडून स्वतःची जागा विचारून घेतो. म्हणजे परत तेच मोबाइलसारखं, मीटर-दोन मीटरच्या फरकाचं उत्तर. त्या दिवशी ते उत्तर १.४ मीटरनं चुकलं. पुढचं सगळं काम त्या चुकीच्या शून्यापासून अगदी अचूक झालं. फूटपट्टी बरोबर होती, शून्य चुकीच्या जागी ठेवलं होतं. आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? यंत्राच्या पडद्यावर पूर्ण वेळ 'फिक्स' लिहिलेलं होतं आणि चूक दाखवत होता दोन सेंटीमीटर. यंत्र खोटं बोलत नव्हतं. बेसपासूनचं अंतर दोन सेंटीमीटरपर्यंत बरोबरच होतं. बेस स्वतः कुठं आहे हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ही चूक दुरुस्त होते का? होते. पोरानं दुसऱ्या मोजणीवाल्याकडून बेसमधली कच्ची फाइल मागितली. नशीब, त्यानं पुसली नव्हती आणि दिली पण. तीन तासांची नोंद होती. 'रायनेक्स' नावाचं एक सर्वमान्य स्वरूप आहे, कुठल्याही कंपनीच्या यंत्राची नोंद त्यात काढता येते. त्यात ती काढली, त्याच तारखेची त्याच वेळेची कॉर्स केंद्राची नोंद मिळवली आणि दोन्ही सॉफ्टवेअरला दिल्या. पहिल्या वेळी उत्तर 'फ्लोट' आलं, म्हणजे अर्धवट सुटलेलं गणित, भरवसा धरता येत नाही असं. मग क्षितिजाला टेकलेले उपग्रह वगळले, एका उपग्रहाची नोंद सारखी तुटत होती तो काढला. अँटेनाची उंची तिरकी मोजलेली, पण सरळ म्हणून भरलेली सापडली, तीही नीट केली. दुसऱ्या वेळी 'फिक्स' आलं. बेसची खरी जागा मिळाली, तेवढ्यानं सगळे बिंदू मागं सरकवले. विहीर विहिरीच्या जागी आली. दोन मोजण्यांतला फरक उरला ४ सेंटीमीटर.

चार सेंटीमीटर. अडीच गुंठ्यांचं भांडण चार बोटांत आटोपलं. पण चाळीस झाडं गेली ती गेली.

आता माझा मुद्दा. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. उलट कॉर्स ही फार मोठी सोय आहे. माझा राग आहे तो या गोष्टीवर की निकाल सगळ्यांना मिळतो, हिशोब कोणालाच मिळत नाही.

आपल्या मार्केटला कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन गेलात तर काय होतं? भुईकाट्यावर भरलेली गाडी मोजतात, खाली करून रिकामी मोजतात. काटापट्टीवर दोन्ही वजनं असतात आणि खाली वजाबाकी. अडाणी शेतकरीसुद्धा ती पट्टी दिव्याखाली धरून बघतो. उद्या कोणी म्हणालं, 'काटा इलेक्ट्रॉनिक आहे, फक्त निव्वळ वजन सांगू, भरलेलं आणि रिकामं विचारायचं नाही', तर आपण लिलाव बंद पाडू. मग जमिनीच्या बाबतीत गप्प का बसतो? एका ट्रॉलीच्या कांद्याला काटापट्टी आणि पिढ्यान्पिढ्यांच्या जमिनीला नुसतं निव्वळ वजन?

मोजणीचा 'क' प्रतीचा नकाशा बघा. हद्द आहे, क्षेत्र आहे, वहिवाट आहे, सही-शिक्का आहे, आता तर अक्षांश-रेखांशही येऊ लागलेत. पण बेस कुठला होता, त्याची जागा कशी ठरवली, कोपऱ्यावर 'फिक्स' होता का 'फ्लोट', ही माहिती मी आजवर पाहिलेल्या एकाही प्रतीवर नव्हती. खाजगीवाल्यांच्या कागदावर तर तेवढंही नसतं. रंगीत नकाशा, कोपऱ्यात यंत्राचा फोटो, झालं.

बेसची चूक ही एकटी नाही बरं. पोरानं मला आणखी चार दाखवल्या. सगळ्या आपल्या मळ्यात रोज घडू शकतात.

एक, पत्रा. कांदाचाळीच्या पत्र्याजवळ, द्राक्षाच्या तारांखाली किंवा विहिरीवरच्या मोठ्या झाडाखाली रोव्हर धरला की उपग्रहाचा संदेश सरळ न येता आदळून येतो. यंत्राला जास्तीचं अंतर दिसतं. कधी कधी तर चुकीचाच 'फिक्स' लागतो आणि यंत्र बिनधास्त सांगतं, सगळं ठीक.

दोन, काठी. दोन मीटरची काठी पाच अंश कलली तर वरच्या टोकाची जागा १७ सेंटीमीटरनं हलते. काठीवर पाण्याचा बुडबुडा असतो तो त्यासाठीच. दुपारी दोनच्या उन्हात बुडबुड्याकडे कोण बघतं, हे मी पाहिलंय.

तीन, आकाश. सूर्यावर वादळं झाली की वरच्या वातावरणातून येणारे हे संदेश बिघडतात. मे २०२४ मध्ये असं मोठं सौर वादळ आलं तेव्हा अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत उपग्रहावर चालणारे ट्रॅक्टर भरकटले आणि शेतकऱ्यांना थांबावं लागलं. आपला भाग विषुववृत्तापासून वीस अंशांवर आहे. या पट्ट्यात वादळ नसतानाही दुपारी, आणि मार्च-एप्रिल, सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस मावळल्यावर, हा त्रास जास्त असतो. दोन वाजता लागत नसलेला 'फिक्स' सकाळी आठला पटकन लागतो. पण रोजच्या दोन-तीन मोजण्या उरकायच्या असतील तर सकाळची वाट कोण बघणार?

चार, आणि ही ऐकून मी चाट पडलो. आपण बसलोय ती जमीनच चालतेय. भारताचा सगळा भूखंड दरवर्षी साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. पंधरा वर्षांत पाऊण मीटर. तुमचा बांध, शेजाऱ्याचा बांध, विहीर, सगळं बरोबरच सरकतं, त्यामुळे बांधाला बांधाचा काही धोका नाही. पण एक आकडा २०१० च्या हिशोबातला आणि दुसरा आजच्या, असे दोन्ही एकत्र केले की कागदावर पाऊण मीटरचं अतिक्रमण तयार होतं. कोणी काही न कोरता! जगभरातल्या कुठल्याही सेवेकडून हिशोब करून घेतला तर उत्तर कुठल्या वर्षाच्या चौकटीत दिलंय ते बघावं लागतं. आपल्या नकाशावर ते वर्ष लिहिलेलं असतं का? तुम्हीच तपासा.

क्षेत्राचंही असंच. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवली की अंतरं किंचित आखडतात. आपल्या भागात नेहमीच्या यूटीएम पद्धतीत नकाशावरचं क्षेत्र आणि जमिनीवरचं क्षेत्र यात हेक्टरी पाच-सात चौरस मीटरचा फरक येतो. फार नाही. पण 'माझं क्षेत्र कमी भरलं' म्हणून अर्ज करणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं ना?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. समजा वरचं सगळं बरोबर झालं. बेस पक्का, फिक्स लागलेला, बुडबुडा मधोमध. तरीही उपग्रह तुमचा बांध सांगू शकत नाही. उपग्रहाला बांध दिसतच नाही. तो फक्त एवढंच सांगतो की काठी या क्षणी कुठं उभी आहे. काठी कुठं उभी करायची हे सांगतं टिपण.

आणि टिपण कधीचं? गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून जी पद्धत बसवली, तिच्यावर आपल्याकडची जमीन मोजली गेली. शंकू आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तर आपल्याला तोंडपाठ. पण हिशोब करा, साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त, ६३ सेंटीमीटर. टिपणातली मापं साखळी-आण्यांत. गावचा जुना नकाशा एका इंचाला वीस साखळ्यांचा. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जागेवर जवळपास चार मीटर भरते. पुढं १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यातही गोंधळ राहिले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा, आण्यात मोजलेला कागद हातात घ्यायचा आणि मिलिमीटर दाखवणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवर तो 'बसवायचा', हे खरं मोजणीचं काम आहे. कुठले जुने दगड धरायचे, कुठली शिव धरायची, कुठला कोपरा सोडायचा, हा निर्णय माणूस करतो. भूकरमापक करतो. दोन भूकरमापकांनी दोन वेगळे दगड धरले तर दोघांचीही यंत्रं निर्दोष असून बांध दोन जागी पडेल.

सरकारलाही हे ठाऊक आहे. कागदावर एक आणि ताब्यात दुसरं, अशी जमीन बारा वर्षांपासून असेल तर अदलाबदल करता यावी म्हणून सलोखा योजना आणली, हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी. उत्तम योजना. पण मग मोजणीच्या वेळी 'सॅटेलाइट सांगतंय ते अंतिम' असा आव का?

यावर मला काय ऐकवलं जातं तेही लिहितो.

पहिलं, "शेतकऱ्याला हे कळणार नाही." अहो, ज्याला द्राक्षाच्या छाटणीपासून एक्स्पोर्टच्या कंटेनरपर्यंतचे औषधांचे अवशेष पीपीएममध्ये कळतात, त्याला बेस आणि फिक्स कळणार नाही? आणि त्याला नाही कळलं तर त्याच्या इंजिनिअर झालेल्या नातीला कळेल. कळण्यासाठी कागदावर आधी असायला तर हवं.

दुसरं, "मोजणीदारावर कामाचा बोजा आहे, त्यात हे अहवाल कुठं लिहीत बसणार?" बोजा आहे, शंभर टक्के खरं. उन्हात दिवसभर शिव्या खात मोजणी करणाऱ्या भूकरमापकांबद्दल मला आदर आहे. पण हा अहवाल हातानं लिहायचा नाहीये. यंत्र तो आपोआप तयार करतं. फक्त छापायचा आहे. उलट तो कागद असेल तर प्रामाणिक मोजणीदाराचंच रक्षण होईल. आज त्याच्यावर 'पैसे खाल्ले' असा आरोप झाला तर त्याच्याकडे दाखवायला काय असतं?

तिसरं, "आकडे बाहेर दिले तर देशाच्या सुरक्षेचं काय?" हा मुद्दा केंद्र सरकारनंच १५ फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांत बराचसा निकाली काढलाय. नकाशे आणि मोजमापं भारतीयांसाठी खुली केली. माझ्या मळ्याच्या चार कोपऱ्यांचे आकडे मला दिल्यानं कुठली सीमा धोक्यात येते?

चौथं कोणी बोलत नाही, पण ते असतंच: हिशोब झाकला की वाद चालू राहतो. वाद चालू राहिला की निमताना मोजणी, मग अपील, मग कोर्ट. १ डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये लागू झाले. एवढे पैसे भरून घेतल्यावर हिशोबाचा एक कागद मागणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे.

म्हणून मागणी करतो. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक मोजणीच्या नकाशासोबत एक पान जोडलेलं असलंच पाहिजे. त्यावर पाच गोष्टी:

१. बेस किंवा कॉर्स केंद्र कुठलं, त्याची जागा कशी ठरवली.
२. प्रत्येक कोपऱ्याची वेळ, 'फिक्स' की 'फ्लोट', आणि किती वेळ यंत्र धरलं.
३. आकडे कुठल्या पद्धतीतले, कुठल्या वर्षाच्या चौकटीतले, क्षेत्र नकाशावरचं की जमिनीवरचं.
४. काम सुरू करताना आणि संपवताना एकाच पक्क्या खुणेवर घेतलेलं माप, आणि दोन्हींतला फरक.
५. जुना नकाशा बसवताना कुठले दगड-खुणा धरल्या आणि प्रत्येक ठिकाणी किती फरक उरला.

आणि कच्ची नोंद जपून ठेवायची, मागेल त्या खातेदाराला पेन ड्राइव्हवर द्यायची. आबा-अण्णांच्या प्रकरणात ती फाइल पुसली गेली असती तर आज दोघं कोर्टाच्या पायऱ्या चढत असते.

हे होईपर्यंत तुम्ही काय करायचं? मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही बोलवा. पहिली खूण घालण्याआधी मोजणीदाराला विनंती करा, साहेब, आमच्या विहिरीच्या कठड्यावर एक बिंदू घ्या, शेवटी पुन्हा तिथंच घ्या. दोन आकडे जुळले नाहीत तर त्याच दिवशी बोला. बेस स्वतःचा लावला असेल तर विचारा, ही जागा कुठून आणली? पडद्यावर काय लिहिलंय ते बघा, मोबाइलमध्ये फोटो काढा. आधीची मोजणी झाली असेल तर विहीर, खांब, देवळाचा कोपरा असे न हलणारे बिंदू दोन्ही यादीत जुळवून पाहा. तेच सरकले असतील तर शेजाऱ्याची कॉलर धरू नका. आणि पटलं नाही तर जबाबात तसं लिहूनच सही करा. गुमान सही करून नंतर रात्री कोयता काढण्यापेक्षा ते बरं.

परवा त्या बाजूला गेलो होतो. अण्णांचं कुंपण झालंय, जुन्या बांधाच्या रेषेवर. आबांनी कापलेल्या जागी नवीन खुंट लावलेत, कलम भरायचंय, फळ यायला दोन-तीन वर्षं जातील. दोघं भेटले की बोलतात, पण हिशोबापुरतंच. मी अण्णांना विचारलं, आता समजलं ना चूक कोणाची होती? ते म्हणाले, "समजलं. पण आबाला 'बांध कोरला' म्हणालो ते तोंडातून गेलं ना. ते कुठल्या सॉफ्टवेअरनं मागं घेऊ?"

माझ्याकडे याचंही उत्तर नव्हतं.

तुमच्याकडे मोजणीचे दोन कागद असतील आणि ते जुळत नसतील, तर भांडायच्या आधी विहीर तपासा. तुमचा अनुभव खाली लिहा. नावं, गट नंबर टाकू नका. आणि ही पोस्ट पटली तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका, निदान पुढच्या मोजणीच्या आधी कोणीतरी वाचेल.